बांगड्यांच्या काचांची मतमाउली

भिंतीवर टाइल्स बसायच्या आत येऊन बघून जा, असा फादर पास्कल यांचा फोन आला तेव्हा मे महिना निम्मा सरला होता. फादर मूळचे वसईचे. पुण्यातल्या एका जुन्या चर्चच्या दुरुस्तीची बातमी करताना त्यांची ओळख झाली होती. आता त्यांच्याकडे जुन्नर तालुक्याचं काम होतं. डिंगोऱ्याच्या पुढे, धरणाच्या कामासाठी नगर जिल्ह्यातून येऊन तिथेच राहिलेल्या काही कॅथलिक कुटुंबांची वस्ती आहे. वस्तीवर एक लहान देऊळ आहे. तिथली मंडळी चर्चला देऊळच म्हणतात. वेदीमागच्या भिंतीवर मतमाउलीचं, म्हणजे येशूच्या आईचं चित्र आहे आणि ते सगळं फुटक्या बांगड्यांच्या काचांचं आहे. ती भिंत आता टाइल्सखाली जाणार होती. का, ते फादर फोनवर सांगेनात. चूक माझीच आहे, आल्यावर बोलू, एवढंच म्हणाले.

मी रजा टाकली आणि नाशिक रस्त्याची एसटी पकडली.

महाळुंगे पडवळ

मंचरला मला घ्यायला याकोब आला होता. वस्तीवरचा हा चाळिशीचा माणूस नारायणगावच्या बाजारात टोमॅटो पोचवणारा टेम्पो चालवतो. त्या दिवशी टेम्पोत टोमॅटोचे क्रेट नव्हते, टाइल्सची खोकी होती. ज्या टाइल्समुळे मी निघाले होते त्यांच्याच सोबतीने मी प्रवास करणार होते. याकोबने एक खोकं उघडून दाखवलं. पांढऱ्या चकचकीत टाइलवर जांभळ्या द्राक्षांचा घोस. दुकानदाराने त्या स्वयंपाकघरासाठी म्हणून ठेवलेल्या होत्या, हे याकोबलाही ठाऊक होतं. पण आपल्या भागात द्राक्षं पिकतात आणि शास्त्रातही, म्हणजे बायबलातही, द्राक्षवेल आहे, म्हणून त्याने त्याच निवडल्या.

फरशी बसवणारा कारागीर बबन हा महाळुंगे पडवळचा. त्याला घ्यायला आम्ही महामार्ग सोडून आत वळलो. गावाबाहेर कांद्याच्या चाळी भरून झाल्या होत्या. छाटणीनंतरच्या द्राक्षबागांना कोवळी पालवी होती, आणि एका उसाच्या बांधावर बिबट्यासाठी लावलेला पिंजरा रिकामा उभा होता. बबनच्या घरी चहा झाला. त्याची बायको मला आत घेऊन गेली. देव्हाऱ्याच्या मागे, चुलीच्या मागे, उंबऱ्यालासुद्धा टाइल्स होत्या. प्रत्येक ठिकाणी वेगळ्या, कारण प्रत्येक कामातून उरलेल्या.

टेम्पोत बबन माझ्या आणि याकोबच्या मध्ये बसला, मांडीवर टाइल कापायचं यंत्र. आजूबाजूच्या गावांतली कोणकोणती देवळं त्याने चकाचक केली, ते तो सांगत होता. चर्चचं काम त्याला पहिल्यांदाच मिळालं होतं.

"देव कुनाचा बी असू द्या, राव," तो याकोबला म्हणाला, "पुसायला सोपा पायजे."

याकोब हसला. ओतूरला पेट्रोल भरताना, बबन पान आणायला गेला तेव्हा, तो मला म्हणाला की लग्न त्याच्या मुलीचं आहे, टाइल्सचा हट्ट त्याच्या बायकोचा आहे आणि ती भिंत त्याच्या आईच्या हातची आहे. मधल्या मध्ये त्याची अडचण झाली होती. आई काही बोलत नाही हे त्याला जास्त लागत होतं.

डिंगोरे

डिंगोऱ्याहून वस्तीकडे जाणारा रस्ता माळावरून जातो. मेमध्ये धरणाचं पाणी आटून खोल गेलेलं असतं आणि काठाला भेगाळलेल्या गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. पश्चिमेला माळशेजकडचे डोंगर. वस्ती म्हणजे रस्त्याच्या एका अंगाला ओळीने घरं आणि शेवटी देऊळ. दगडाच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, वर लोखंडी क्रूस. पुण्यात आपण ज्याला चर्च म्हणतो त्याच्याशी याचं साम्य एवढ्या क्रुसापुरतंच. बाहेरून पाहिलं तर सोसायटीचं गोदाम वाटावं.

फादर पास्कल दारातच भेटले. मला त्यांनी सरळ वेदीपाशी नेलं आणि बाजूला उभे राहिले.

चित्र माणसाच्या उंचीहून मोठं होतं. सिमेंटच्या गिलाव्यात, तो ओला असताना, काचा एकेक करून दाबलेल्या. डोक्यावरून पदर घेतलेली बाई, कडेवर मूल. पदर हिरवा, पण त्या हिरव्यात पोपटी होता, शेवाळी होता, बाटलीच्या काचेसारखा काळपट होता. काठ लाल आणि सोनेरी. मुलाच्या अंगड्याला निळ्या बांगड्या. काचांच्या कमानी मुद्दाम तशाच वक्र ठेवलेल्या असल्याने पदराला चुण्या पडल्यासारख्या दिसत. चेहऱ्यांच्या जागी नाक-डोळे काढलेले नव्हते. बशीचे गुळगुळीत पांढरे तुकडे होते. जवळ गेलं की काचा दिसत, दोन पावलं मागे आलं की बाई दिसे.

फादरांनी मग आपली चूक सांगितली. स्नेहलचं, म्हणजे याकोबच्या मुलीचं, लग्न पिंपरी पेंढारच्या एका कॅथलिक शिक्षकाच्या मुलाशी ठरलं होतं. नवऱ्या मुलाची आई महिन्यापूर्वी देऊळ बघायला आली. ती भिंतीपुढे बराच वेळ थांबली. फादरांना वाटलं, हिला भिंत भिडली. त्यांनी उत्साहाने सांगून टाकलं की नवरा गेल्यावर ज्या बांगड्या फोडतात, त्या वस्तीवरच्या बायकांनी इथे आणून लावल्या आहेत. दुःखातून केवढं सुंदर काही उभं राहू शकतं, हे त्यांना म्हणायचं होतं.  घरी गेल्यावर त्या बाईंनी निरोप पाठवला की लग्न त्या भिंतीपुढे लागू नये. झाकता येत असेल तर बघा.

मी विचारलं, तुम्ही देवळाचे फादर आहात, तुम्ही नाही म्हणू शकत नाही का? ते म्हणाले, "मी नाही म्हटलं तर टाइल्स थांबतील. पण मग ही भिंत म्हणजे स्नेहलच्या लग्नातलं विघ्न ठरेल. सुंदर वस्तूचा माणसांना राग यायला लागला, तर ती टिकून तरी काय उपयोग?"

माणसं प्रवचनाने येतात त्याहून जास्त सुंदर गोष्टींनी देवाकडे येतात, अशी त्यांची धारणा. वसईच्या मोठ्या चर्चमध्ये, रंगीत काचेच्या खिडकीखाली बसून, लहानपणी त्यांनी फादर व्हायचं ठरवलं होतं. इथे त्यांना तशी खिडकी नव्हती. ही भिंत होती.

जेवण याकोबच्या घरी होतं. त्याची बायको सुशीला हिने मासवडी केली होती. जुन्नर-आंबेगावात पाहुणचाराला मासवडी लागतेच. नावात मास असलं तरी पदार्थ शाकाहारी. बेसनाच्या उकडलेल्या पोळीत तीळ, खोबरं आणि लसणाचं सारण, आणि सोबत झणझणीत रस्सा. माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून सुशीलाने न विचारता ताटात गुळाचा खडा ठेवला.

टाइल्सबद्दल तिचं म्हणणं मी ऐकून घेतलं आणि ते मला खोटं वाटलं नाही. लग्न होऊन आल्यापासून ती भिंत तीच पुसत आली होती. पावसाळ्यात काचांच्या खाचांत शेवाळ धरतं, ते पिन घेऊन काढावं लागतं, आणि दर खेपेला बोटं कापतात. डिंगोऱ्यातल्या देवळाला ग्रॅनाइट बसलं, तिच्या माहेरच्या चर्चला टाइल्स बसल्या. आपल्याच देवळाने फुटक्या काचांवर का भागवायचं, असं तिला आधीपासून वाटे. पण खरं कारण ते नव्हतं.

"माजी एकुलती एक पोरगी हाय, ताई," ती म्हणाली. "उद्या काय बी झालं, तर समदे म्हनतील, रांडाव बायांच्या बांगड्यांपुढं लगीन लावलं व्हतं. आमी काय बोलनार तवा?"

तिच्या सासूबाई, मार्थाबाई, ओट्याच्या टोकाला बसून लसूण सोलत होत्या. पांढरी साडी, हात मोकळे.  सुशीला उठून आत गेली तेव्हा मी मार्थाबाईंना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? त्या म्हणाल्या, "म्या काय सांगू? माज्यासारकीनं लग्नाच्या कामात तोंड घालू नये." आणि सोललेला लसूण मोजून झाल्यासारखा वाटीत लोटून उठून गेल्या.

आमच्या घरी हे वेगळं नव्हतं. माझी एक आत्या लग्नाच्या दिवशी सकाळपासून माजघरात बसायची आणि कुणी बाहेर बोलावलं की तिला काम निघायचं. धर्म वेगळा असला तरी हा कोपरा तोच होता.

मे महिना मतमाउलीचा. महिनाभर रोज संध्याकाळी देवळात जपमाळ म्हणतात. उसाकडे बिबट्याचा वावर असल्यामुळे माणसं दिवस मावळायच्या आत जमतात आणि लवकर पांगतात. त्या दिवशी भारनियमन होतं, म्हणून वेदीवर मेणबत्त्या लावल्या. 'नमो मरिये'चा एकसुरी गजर सुरू झाला. मेणबत्तीची ज्योत हलली की पदरातली एखादी काच पेटे आणि विझे. मी धार्मिक मनाची नाही. पण जपमाळ संपेपर्यंत मी त्या भिंतीवरून नजर काढली नाही, हे नोंदवायला हवं.

मंडळी गेल्यावर मार्थाबाई मेणबत्त्यांचं मेण खरवडायला थांबल्या. तिथे, घरापासून दूर, त्या बोलल्या.

त्या जन्माने ख्रिस्ती नाहीत. आंबेगावच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या अंगाला, भात आणि नाचणी पिकवणाऱ्या घरातल्या. धरणाच्या कामावर माती वाहायला आल्या, तिथे दगड फोडणाऱ्या दानियलशी त्यांचं जमलं. लग्न झालं, बाप्तिस्मा झाला, पण त्यातलं त्यांना काही कळत नव्हतं. प्रार्थना पाठ होती, अर्थ लागत नव्हता. मग हे देऊळ बांधलं. तेव्हाच्या म्हाताऱ्या फादरांनी बायकांना सांगितलं, भिंतीसाठी घरून काहीतरी आणा. कुणाच्या घरात आणण्यासारखं काही नव्हतं. मातीच्या पाट्या उचलताना बांगड्या मात्र रोज फुटत. मार्थाबाईंनी पदराच्या गाठीत बांधून त्या काचा नेल्या आणि ओल्या गिलाव्यात दाबल्या.

"येशूबिशू मला काय बी ठावं न्हवतं," त्या म्हणाल्या. "पर दुसऱ्या दिशी येऊन बगितलं, तर ती काच अशी चमकत व्हती. म्या म्हनलं, आपलं फुटकं बी हितं चालतंय. तवापासून म्या येतीया."

ख्रिस्ती धर्माबद्दल मी बरंच काही वाचलं आणि ऐकलं आहे. एवढ्या थोडक्यात कुणी सांगितलेलं मला आठवत नाही.

मी विचारलं की मग विधवांच्या बांगड्या कुठल्या? त्यांनी वाकून चित्रातल्या पदराचा अगदी खालचा काठ दाखवला, पायांपाशी. गडद हिरव्या काचांची बोटभर रुंद ओळ. दानियल गेल्यावर फोडलेल्या त्यांच्या बांगड्या त्यांनी स्वतः वेचून आणल्या होत्या, नंतर आणखी काही जणींनी आणल्या. बाकीची सगळी भिंत शेतातल्या, कामावरच्या, बाळंतपणातल्या, लग्नातल्या बांगड्यांची होती.

म्हणजे फादरांनी विहीणबाईंना सांगितलं ते अर्धवट होतं. त्यांनी तळची ओळ ऐकली होती आणि ती सगळ्या भिंतीला लावली होती. हे तुम्ही कुणाला सांगितलं का नाही, असं मी मार्थाबाईंना विचारलं. त्यांनी मेणाचा गोळा हातात वळला आणि म्हणाल्या की कुणी विचारलंच नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्या टाइल्स बसल्या की तेचं बी तोंड झाकलं जाईल. माज्या मालकाचं. तेवडंच वाटतं."

पिंपरी पेंढार

दुसऱ्या दिवशी सकाळी फादर मला मोटारसायकलवर मागे बसवून पिंपरी पेंढारला निघाले. मार्थाबाई बोलल्या ते मी त्यांना सांगितलं होतं.  ते म्हणाले की या विषयावर ते तासभर बोलू शकतात, आणि वस्तीवरच्या एकाही बाईला त्यांनी भिंतीबद्दल प्रश्न विचारलेला नाही. ओतूरच्या पुढे गाडीचा मागचा टायर पंक्चर झाला. पंक्चरवाल्याच्या बाकड्यावर बसून आम्ही कलिंगड खाल्लं. फादरांचा पांढरा झगा पाहून पंक्चरवाल्याने त्यांना डॉक्टर समजून गुडघ्याचं दुखणं सांगितलं. फादरांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि ओतूरच्या दवाखान्यात जायला सांगितलं.

विहीणबाईंचं घर नीटनेटकं, अंगणात मोगरा. त्यांचे यजमान शाळेतून निवृत्त झालेले. आम्हाला शिरा आला, चहा आला. फादरांनी आपल्या चुकीची कबुली दिली आणि खरी हकीकत सांगितली. विहीणबाईंनी ती शांतपणे ऐकली. त्या स्वतः असलं काही मानत नाहीत, असं त्या म्हणाल्या. पण लग्नाला भावकीतली हिंदू मंडळी येणार, शेजारी येणार. मुलाच्या मोठ्या भावाची बायको लग्नानंतर वर्षात वारली होती, आणि तेव्हा लोक काय काय बोलले ते त्यांनी ऐकलं होतं.

"ओळ छोटी असली तरी ती आहेच ना, फादर?" त्या म्हणाल्या.

 निघताना फादरांनी एवढीच विनंती केली की चुडा भरायला याल तेव्हा भिंत एकदा पुन्हा पाहा. चुडा लग्नाच्या आदल्या दिवशी, म्हणजे उद्याच, सासरच्या बायकांनी नेऊन भरायचा होता. बघू, असं त्या म्हणाल्या.

परतताना फादरांनी बबनला आणखी एक दिवस थांबवायचं ठरवलं. वस्तीवर पोचलो तर बबनने भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोरी ताणून खुणा करून ठेवल्या होत्या. खालून सुरुवात करायची, असं तो म्हणाला. म्हणजे पहिली टाइल त्या ओळीवर बसणार होती.

पुन्हा डिंगोरे

चुडा देवळाच्या ओसरीवर भरायचं ठरलं, कारण मांडव तिथेच होता. विहीणबाई दोघी-तिघी नात्यातल्या बायकांना घेऊन जीपने आल्या. सोबत ओतूरची कासारीण होती, तिच्या टोपलीत हिरव्या बांगड्यांच्या माळा. आत बबन सिमेंट कालवून बसला होता. एका दिवसाची मुदत संपली होती, आणि आज त्याला कुणी थांब म्हटलं नव्हतं आणि सुरू कर असंही म्हटलं नव्हतं.

"माल वाळतोय, भाऊ," तो दर थोड्या वेळाने याकोबला ऐकवत होता. याकोब मांडवाचा खांब पुन्हा पुन्हा हलवून बघत होता.

कासारणीने स्नेहलचा हात हातात घेतला, साबणाचं पाणी लावलं आणि बोटं चेपत एकेक बांगडी चढवायला सुरुवात केली. बायकांची थट्टा चालली होती. एकजण म्हणाली, एवढ्या लहान हातांनी भाकरी कशा थापणार? स्नेहल म्हणाली की गॅस आहे, चपात्या करीन. सगळ्या हसल्या, विहीणबाईही.

उजव्या हातावर चौथी की पाचवी बांगडी चढत असताना कट् असा आवाज आला. काच स्नेहलच्या मांडीवर पडली.

बांगडी फुटली असं आपण म्हणत नाही, वाढली म्हणतो. कासारणीने लगेच म्हटलं, "वाढली वो, चांगलं हाय," आणि टोपलीत हात घातला. चुडा भरताना बांगडी फुटणं रोजचंच, हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं. तरी थट्टा थांबली. सुशीलाचा चेहरा उतरला. तिने पहिल्यांदा पाहिलं ते विहीणबाईंकडे. विहीणबाई देवळाच्या उघड्या दारातून आत, भिंतीकडे बघत होत्या.

मार्थाबाई मांडवात नव्हत्या. त्या देवळाच्या आत, दाराआड उभ्या होत्या, माजघरातल्या माझ्या आत्यासारख्या. तिथून त्या बाहेर आल्या, बायकांच्या घोळक्यात शिरल्या आणि नातीच्या मांडीवरचा तुकडा उचलला.

"सुशीले, हिकडं ये."

सुशीला जागची हलली नाही. मार्थाबाईंनी तिला दंडाला धरून आत नेलं. बाकीच्या बायका मागोमाग गेल्या, मीही गेले. मार्थाबाईंनी बबनची दोरी बाजूला सारली आणि चित्रातल्या मुलाचा हात दाखवला. आईच्या पदराला धरलेल्या त्या मुठीत एक पोपटी तुकडा होता, भोवतालच्या काचांहून वेगळा.

"ही कुनाची, सांग?"

सुशीला वाकून तुकड्याकडे बघू लागली.

"तुजी. तुज्या चुड्यात वाढली व्हती. तुज्या माहेरच्या मांडवात. तू रडाय लागलीस म्हनून म्या तुकडा गुपचूप उचलला, तुला कळू दिलं न्हाई. हितं थोडा गिलावा खरवडून म्या बसवली. आता सांग, वीस वरसं पुसतीयास, काय वाईट झालं? माजा याकोब हाय न्हवं धडधाकट?"

याकोब दारालगतच्या मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. सगळ्यांनी वळून पाहिल्यावर त्याने खांब सोडला.

विहीणबाई पुढे आल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. विधवांच्या बांगड्या कुठे आहेत, एवढंच त्यांनी विचारलं. मार्थाबाईंनी लपवलं नाही. खाली बसून त्यांनी पदराच्या काठावरून बोट फिरवलं.

"ह्या. ह्या माज्या. झाकायच्या तर झाका, माजं काय म्हननं न्हाई. पर विहीनबाई, मतमाउलीचा मालक बी तिच्याआदी गेला. ती बी माज्यासारकीच. तिच्यापुढं लगीन न्हाई लावायचं, तर मग देवळात कशापायी लावायचं?"

 एका बाईने फादरांकडे पाहिलं. फादरांनी मान हलवली. तसंच आहे, तिचा पती योसेफ आधी गेला, असं ते म्हणाले आणि पुढे काही बोलायचा मोह त्यांनी आवरला. बबन थापी हातात धरून बसला होता.

विहीणबाई वाकल्या. त्यांनी ती ओळ जवळून पाहिली, मग मुलाची मूठ पाहिली, मग मागे येऊन सगळं चित्र पाहिलं. सुनेच्या मृत्यूनंतर लोक जे बोलले ते त्या क्षणी त्यांच्या मनात होतं की नाही, ते मला सांगता येणार नाही. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "राहू द्या भिंत. फक्त फोटो काढताना पायापाशी फुलांच्या कुंड्या ठेवा. बघणाऱ्यांना उगाच विषय नको."

माणसं एका दिवसात याहून जास्त बदलत नाहीत, आणि तेवढं पुरेसं होतं. सुशीलाने डोळे पुसले आणि बबनला विचारलं, कालवलेला माल फुकट जाईल का? बबन म्हणाला, जाईल. तेव्हा तिने सासूच्या हातातला स्नेहलचा तुकडा घेतला. बबनने चित्राच्या कडेला, पदराच्या टोकाशी थोडा जुना गिलावा खरवडून दिला आणि थापीवरचं सिमेंट भरलं. सुशीलाने त्यात तो तुकडा दाबला. तिने तो तीनदा काढून नीट लावला.

"सुकेपर्यंत हात लावू नका कुनी," ती म्हणाली आणि चुडा पुरा करायला बाहेर गेली.

उरलेल्या मालाचं काय करायचं, हा प्रश्न बबनने याकोबच्या घरात सोडवला. सुशीलाच्या ओट्यामागची भिंत त्याने त्या दुपारी द्राक्षांच्या टाइल्सनी चकाचक केली. काम त्याच्या मनासारखं झालं. जाताना तो मला म्हणाला, "आता ह्या खऱ्या आपल्या जागी गेल्या बगा." माझंही तेच मत होतं.

लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी लागलं. पुण्यातल्या चर्चमध्ये पाहिलेली लग्नं शांत असतात. इथे मिस्सा, म्हणजे लग्नाची उपासना, चालू असताना बाहेर ताशे तापवत होते आणि आचारी मीठ मागायला आत येऊन गेला. स्नेहलची साडी पांढरी, हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा. भावकीतली हिंदू मंडळी मागे उभी राहून भिंतीकडे बोट दाखवत होती. त्यांतल्या एका म्हाताऱ्याने मला विचारलं की ही काचांची आई कुठली? मी सांगितलं, इथलीच. त्याने तिथूनच हात जोडले. फादरांचं प्रवचन अगदी लहान झालं. भिंतीबद्दल ते एक शब्दही बोलले नाहीत.

मार्थाबाई मागच्या दारापाशी उभ्या राहायच्या बेतात होत्या. सुशीलाने त्यांना हाताला धरून पहिल्या सतरंजीवर, विहीणबाईंच्या शेजारी बसवलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही, पण मिस्सा चालू असताना विहीणबाईंनी आपल्या हातातला पंखा थोडा तिकडे कलता धरलेला मला दिसला.

मिस्सा संपल्यावर फोटोची वेळ झाली. ओतूरचा फोटोग्राफर होता. त्याला आधीच सूचना मिळालेली होती. शेवंतीच्या दोन कुंड्या त्याने नवरानवरीच्या मागे, चित्राच्या पायांपाशी आणून ठेवल्या. गडद हिरवी ओळ फुलांआड गेली. त्याने कॅमेऱ्यातून पाहिलं आणि सगळ्यांना जवळ सरकायला सांगितलं.

सुशीला रांगेतून बाहेर आली. वाकून तिने एक कुंडी उचलली आणि डाव्या हाताला नेऊन ठेवली, दुसरी उजव्या हाताला. मग पदराने खालच्या काचा पुसल्या, रोज पुसते तशा.

"बाई, मधी घ्या की कुंड्या," फोटोग्राफर म्हणाला. "पायाकडचं दिसतंय."

सुशीला परत रांगेत जाऊन सासूच्या शेजारी उभी राहिली.

"दिसू दे," ती म्हणाली. "काड फोटो."